सूत्रं सगळी पाठ आहेत, पण लावायचं कुठलं?

पत्र असं आलंय:

मॅडम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातली, वय ३२. नववीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतेय. जेठांची पोरगीही दहावीलाच आहे, रात्री भांडीकुंडी आवरली की आम्ही दोघी एकाच टेबलाला बसतो. वर्गसमीकरण नुसतं दिलं तर मला सुटतं पण शाब्दिक उदाहरण आलं की हात थांबतो. भाग २ मधे, म्हणजे भूमितीत, तर सगळी सूत्रं पाठ आहेत, ओट्याच्या वर भिंतीवर कागद चिकटवलाय, तरी कुठलं कुठे लावायचं कळत नाही. साइन कॉस टॅन उलटसुलट होतं. आणि वर्गसमीकरणाला दोन उत्तरं येतात त्यातलं कुठलं टाकायचं? पुतणी म्हणते काकू, मायनसवालं टाकून द्यायचं, बस. तिला परत परत विचारायची लाज वाटते. दिवाळीत पाटणादेवीला गेलो तर ती म्हणाली, भास्कराचार्य इथलेच ना. मी मनात म्हटलं, असतील बाई इथलेच, पण माले त्यातलं काही येत नही.
– एक काकू

ताई, तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग माझे क्लासचे दिवस आठवले. २६ वर्षं दहावीची पोरं शिकवली मी जळगावात, आणि ‘सूत्रं पाठ आहेत पण’ हे वाक्य दर डिसेंबरला कुणीतरी म्हणायचंच. म्हणजे तुमचं दुखणं काही जगावेगळं नाही. समीकरण दिलं की सुटतं असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा आकडेमोडीला हात चांगला आहे. हात थांबतो कारण उदाहरण वाचल्यावाचल्या तुम्ही भिंतीवरच्या कागदाकडे बघता. तो कागद आधी काढा. खरंच काढा, त्या जागी कॅलेंडर लावा.

माझंच सांगते. दहावीत असताना एका खांबाची उंची काढायची होती, १० मीटरवरून उन्नत कोन (टोकाकडे वर बघताना नजर आडव्या रेषेशी करते तो कोन) ६० अंश. सूत्र बरोबर, किंमत बरोबर, फक्त दशांश चिन्ह घसरलं आणि मी मोठ्या ऐटीत लिहिलं १७३ मीटर. सरांनी वही वर धरली आणि म्हणाले, कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे, हिच्या गावातला लाइटचा खांब त्याच्या दुपटीहून मोठा. वर्ग हसला, मीही हसले, पण तेव्हापासून एक सवय लागली. पेन उचलायच्या आधी आकृती काढायची आणि उत्तर साधारण किती यावं याचा डोळ्याने अंदाज घ्यायचा. तुमच्या पत्राला माझं जे काही उत्तर आहे ते एवढंच आहे, बाकी सगळी उदाहरणं.

पाटणादेवीचा विषय तुम्हीच काढलात तर भास्कराचार्यांचंच एक घेऊ. पुतणीला म्हणावं, ते कुठे जन्मले यावर अभ्यासक अजून वाद घालतात, पण पाटणादेवीजवळच्या पाटणला सापडलेला शिलालेख पक्का आहे. शके ११२८ चा, म्हणजे १२०६-०७ च्या सुमाराचा. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला असं त्यात आहे. थोडक्यात काय तर आठशे वर्षांपूर्वी आपल्या चाळीसगावाकडे गणिताचा क्लास चालत होता, फी किती होती देव जाणे. त्यांच्या ११५० च्या लीलावतीत वेळूचं उदाहरण आहे. सपाट जमिनीवर ३२ हात उंच वेळू उभा आहे, वाऱ्याने मधेच कुठेतरी मोडला आणि त्याचा शेंडा बुडापासून १६ हातांवर जमिनीला टेकला, तर किती उंचीवर मोडला?

आता लगेच पायथागोरस पायथागोरस करू नका. वेळू काढा. उभा तुकडा, तिरपा तुकडा, खाली जमीन. बरोबर मधे मोडला असता तर काय झालं असतं? १६ उभा राहिला असता आणि १६ वरून सरळ खाली लोंबून बुडाशीच टेकला असता. पण तो तर लांब टेकलाय, म्हणजे तिरपा तुकडा मोठा, उभा लहान. उत्तर १६ पेक्षा कमी येणार हे एक अक्षर न लिहिता कळलं. मग उभा क्ष, तिरपा ३२ − क्ष, जमीन १६, आणि काटकोन समोर दिसतोय म्हटल्यावर पायथागोरस आपसूकच येतो, त्याला भिंतीवरून बोलवायची गरजच नाही:

क्ष² + २५६ = (३२ − क्ष)²

इथे थांबा, कारण निम्मी पोरं इथेच पडतात. उजवी बाजू १०२४ − क्ष² नाही, १०२४ − ६४क्ष + क्ष² आहे. मधला ६४क्ष विसरला की सगळं गेलं. तो असला की दोन्हीकडचा क्ष² उडतो, ६४क्ष = ७६८, क्ष = १२. उभा १२, तिरपा २०, जमीन १६. अंदाजात बसलं. आणि १२-१६-२० नीट बघितलं तर ३-४-५ ची चौपट आहे. घराचा पाया आखताना गवंडी लाईनदोरीवर एकीकडे ३ फूट, दुसरीकडे ४ फूट खूण करतो आणि तिरपं माप ५ भरलं की कोपरा गुण्यात आला म्हणतो ना, तेच हे. त्याला प्रमेयाचं नाव विचारलं तर सांगता येणार नाही कदाचित पण त्याचा कोपरा कधी चुकत नाही.

साइन कॉस टॅनचं. पोरं हे लक्षात ठेवायला तो हिंदीतला ‘पंडित बद्रीप्रसाद’चा घोष पाठ करतात, मला तो कधी आवडला नाही कारण त्यात लंब आणि पाया असं आहे आणि त्रिकोण जरा फिरवला की पाया वर जातो मग पोरगं गडबडतं. आपल्या पुस्तकातले शब्द जास्त चांगले आहेत, कोनाच्या समोरची ती संमुख बाजू, कोनाला चिकटलेली ती लगतची, आणि सगळ्यात लांब तो कर्ण. मी क्लासमधे असं सांगायचे: साइनमधे स, समोरचीतही स, म्हणून साइन म्हणजे समोरची भागिले कर्ण. कोसाइनमधे क, कडेचीतही क, म्हणून कडेची म्हणजे लगतची भागिले कर्ण. आणि टॅन म्हणजे कर्णाला टाटा, त्यात कर्ण येतच नाही, समोरची भागिले लगतची. पोरं टाटा म्हणताना हातही हलवायची. हसण्यावारी गेलं पण विसरलं कुणी नाही.

३० आणि ६० च्या किमतींचा तक्ताही पाठ करायला नको. २ सेमी बाजूचा समभुज त्रिकोण कागदावर काढा, कापा, मधोमध घडी घाला. घडी घातली की खालची बाजू १, तिरपी २, आणि घडीची उंची किती तर २ चा वर्ग ४ वजा १ चा वर्ग १, उरले ३, त्याचं वर्गमूळ √३. कोन ३०, ६०, ९०. झाला तक्ता. साइन ३० विचारलं तर ३० च्या समोर १ आहे, कर्ण २ आहे, उत्तर अर्धा. पेपरात अडलं तर कोपऱ्यात हा छोटा त्रिकोण काढायला दहा सेकंद लागतात. ४५ साठी चौकोनी कागद कर्णावर दुमडा, १, १, √२.

आता ते बोर्डाचं आवडतं उदाहरण, ज्याला बघून भल्याभल्यांना घाम फुटतो. एका ठिकाणाहून गावच्या पाण्याच्या टाकीच्या टोकाचा उन्नत कोन ६०, सरळ मागे २० मीटर गेलं की ३०, तर टाकी किती उंच? गाइडमधे दोन टॅन, दोन समीकरणं, पाऊण पान. ते चूक नाहीये, मार्क मिळतात त्याला. पण आकृती काढा आणि नुसती बघत बसा. जवळच्या ठिकाणचा ६० हा मागच्या लांबोळक्या त्रिकोणाचा बाह्यकोन आहे. बाह्यकोन म्हणजे आतल्या दूरच्या दोन कोनांची बेरीज, त्यातला एक ३०, म्हणून टोकाशी दुसराही ३०. दोन कोन सारखे म्हणजे दोन बाजू सारख्या! तुम्ही मागे चाललात ते २० मीटर आणि जवळच्या ठिकाणाहून टोकापर्यंतची तिरपी रेघ, दोन्ही २०. मग जवळच्या त्रिकोणात कर्ण २०, कोन ६०, उंची २० × √३/२ = १०√३, म्हणजे १७.३ मीटरच्या आसपास. संपलं. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी चहा गार करून घेतला होता, खोटं नाही सांगत. फक्त लक्षात ठेवा, जवळचा कोन मागच्याच्या बरोबर दुप्पट असला, जसे इथे ६० आणि ३०, तरच ही युक्ती चालते, ४५ आणि ३० दिले तर मुकाट्याने दोन टॅन घ्यायचे.

रविवारी दोघी मिळून एक करून बघा. पुतणीच्या कंपासमधल्या कोनमापकाच्या सरळ बाजूवर कोल्ड्रिंकची स्ट्रॉ चिकटवायची, मधल्या बारीक भोकातून दोरा ओवून खाली एक नट बांधायचा. स्ट्रॉमधून टाकीचं टोक बघायचं, दुसरीने दोरा कुठे आला ते वाचायचं. दोरा ९० वरून जितका सरकला तितका उन्नत कोन. कोन बरोबर ४५ येईपर्यंत मागेपुढे व्हायचं, मग टाकीच्या बुडापर्यंतचं अंतर मोजायचं, टेप नसला तर पावलांनी, आणि त्यात स्वतःच्या डोळ्यांची उंची मिळवायची. ती मिळवायला सगळे विसरतात. लोक बघतील, बघू द्या.

आता दोन उत्तरांचं. तुमच्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न हा आहे आणि पुतणीने दिलेलं उत्तर अर्धवट आहे, हे तिला सांगा पण प्रेमाने. केळीचा एक तुकडा घ्या, आयताकृती, लांबी रुंदीपेक्षा १० मीटरने जास्त, क्षेत्रफळ १२०० चौरस मीटर, साधारण १२ गुंठे. रुंदी क्ष, लांबी क्ष + १०, म्हणून क्ष² + १०क्ष − १२०० = ०. गुणाकार वजा १२००, बेरीज अधिक १०, जोडी ४० आणि वजा ३०. अवयव सुचले नाहीत तर सूत्राने जा: विवेचक, म्हणजे सूत्रातला वर्गमुळाखालचा b² − 4ac, इथे १०० + ४८००. हो, अधिक, कारण वजा ४ गुणिले वजा १२००, इथे चिन्ह चुकून १०० − ४८०० केलेल्या वह्या मी पोतंभर तपासल्यात. ४९०० चं वर्गमूळ ७०. उत्तरं ३० आणि −४०. वजा चाळीस मीटर रुंदीचं शेत तलाठ्याच्या उताऱ्यावरही सापडणार नाही, ते गेलं. रुंदी ३०, लांबी ४०. कर्ण किती असेल, आकडे न मांडता सांगा बघू? ५०. परत गवंडीबाबा.

इथपर्यंत पुतणी बरोबर. आता दुसरं घ्या. गोठ्याची लांबलचक भिंत आहे, तिला लागून बकऱ्यांसाठी कुंपण करायचंय, जाळी ८० फूट आहे. भिंतीकडे जाळी लागत नाही, तीनच बाजू. दोन्हीकडची रुंदी क्ष, तर समोरची लांबी ८० − २क्ष. आतली जागा ६०० चौरस फूट हवी. क्ष(८० − २क्ष) = ६००, आवरलं की क्ष² − ४०क्ष + ३०० = ०, उत्तरं १० आणि ३०. आता कुठलं टाकणार? मायनसवालं तर नाहीच! रुंदी १० घेतली तर लांबी ६०, गुणाकार ६००. रुंदी ३० घेतली तर लांबी २०, परत ६००. दोन्ही कुंपणं खरी आहेत, एक भिंतीला लागून लांबट, दुसरं भिंतीपासून पुढे आलेलं. उदाहरणात लांबी रुंदीपेक्षा जास्त असं काही लिहिलं असेल तरच एक टाकायचं, नाहीतर दोन्ही लिहायची. म्हणजे टाकायचं की ठेवायचं हे चिन्ह बघून ठरवायचं नाही, उत्तर परत उदाहरणात नेऊन, तुमच्या जाळीला विचारून ठरवायचं.

जाळी हातात आहे तर अजून थोडं, मला राहवत नाही म्हणून. रुंदी १० ला जागा ६००, १५ ला ७५०, २० ला ८००, २५ ला परत ७५०, ३० ला ६००. चढत गेली, शेंड्याला पोचली, तशीच उतरली. हे ठिपके आलेख कागदावर मांडले की उलट्या कढईसारखा आकार येतो, अकरावी सायन्सला गेली की पुतणीला हा पॅराबोला रोज भेटेल. ६०० च्या उंचीवर आडवी रेघ मारा, कढईला दोन ठिकाणी लागते, म्हणून दोन उत्तरं. ८०० ला मारा, शेंड्याला एकदाच टेकते, समीकरण करून बघा, विवेचक शून्य येतो. आणि ९०० मागितले तर रेघ कढईच्या वरून निघून जाते, विवेचक १६०० − १८००, ऋण. पुस्तकात ‘मुळे वास्तव नाहीत’ असं लिहायचं असतं, त्याचा अर्थ एवढाच की ८० फूट जाळीत भिंतीला लागून असं ९०० चौरस फुटांचं चौकोनी कुंपण होत नाही, कितीही ओढा. विवेचकाचे ते तीन नियम मी स्वतः कितीतरी वर्षं नुसते पाठ शिकवले, त्यांच्यामागे असं काही चित्र आहे हे मला एका पोरीने ‘म्हणजे काय हो मॅडम’ असं तीनदा विचारल्यावर शोधावं लागलं.

तेव्हा विचारायची लाज वाटते हे तर डोक्यातून काढाच. तुम्ही पुतणीला ‘कसं’ विचारता, त्याऐवजी ‘का’ विचारा. कसं विचारलं की ती फटाफट करून दाखवते आणि तुम्हाला अजूनच कमी वाटतं. मायनसवालं का टाकायचं, इथे टॅनच का, असं विचारलं की तीही थांबेल, डोकं खाजवेल, तिचाही फायदा. फटाफट सोडवणारी पोरं बोर्डाच्या पेपरात उदाहरण जरा फिरवून आलं की अडकतात, मी बघितलंय. आणि दिवसभर शेतीचं, घरचं आवरून तुम्ही रात्री वही उघडता, त्यात लाज तुम्ही कशाला बाळगायची हो?

वेळेचं म्हणाल तर दोन्ही पेपर ४०-४० मार्कांचे, दोन-दोन तासांचे. भाग २ मधे समरूपता आणि पायथागोरस आधी घट्ट करा, त्रिकोणमिती आणि वर्तुळातही तेच डोकं वर काढतात. भौमितिक रचना सोप्या मार्कांच्या आहेत, फक्त पेन्सिलला टोक हवं आणि कंपासचा स्क्रू ढिला नको. निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र म्हणजे कपडे बदललेला पायथागोरसच, वेगळा पाठ करायला घेऊ नका. महत्त्वमापनात मात्र शंकू, गोल यांची सूत्रं खरंच पाठच करावी लागतात, तेवढीच हवी तर भिंतीवर परत लावा, कॅलेंडरच्या खाली.

आणि दोघींना मिळून एक गृहपाठ, हाही भास्कराचार्यांचाच. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. साप खांबापासून २७ हातांवर आहे आणि बिळाकडे निघालाय. मोराने त्याला बघून तिरपी झेप घेतली, दोघंही सारखंच अंतर गेले आणि गाठ पडली. बिळापासून किती हातांवर? उत्तर आत्ताच सांगून टाकते, १२ हात. मला उत्तर नकोच आहे, तुमच्या आकृतीचा फोटो पाठवा, आणि त्यात मोर जरा मोरासारखा काढा.